उलट उत्तर देणारी मारिएला

मारिएला मेर हे नाव आपल्यापैकी फारशा कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. स्वित्झर्लंडमधली ही लेखिका जर्मनमध्ये नाटकं, कविता, कादंबऱ्या आणि वर्तमानपत्री लेख लिहायची, सभांमधून बोलायची. ५ सप्टेंबर २०२२ रोजी ती झुरिचमध्ये वारली. मला जर्मन येत नाही. जर्मन शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या शेजारी बसून, तिच्याकडून ओळ न् ओळ समजून घेत मी मारिएलाला वाचते आहे. तेव्हा हे काही साहित्यसमीक्षकाचं लिहिणं नव्हे. गेली वीसेक वर्षं मी सल्ला केंद्रात बसते, येणाऱ्या बायकांची हकीगत ऐकते आणि ती कागदावर उतरवते. तुमच्यापैकी पुष्कळजणी हेच काम करतात. या कामाच्या संदर्भात मारिएला आपल्याला फार अडचणीचे प्रश्न विचारते, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. एखाद्या बाईवर झालेला अत्याचार जगापुढे आणायचा तर ती बाई गरीब, सोशिक आणि निष्कलंक असावी लागते, असा एक अलिखित नियम आपल्या चळवळीतही शिरला आहे. मारिएलाने तो नियम जन्मभर मोडला. तिच्यावर झालेला अन्याय सिद्ध करायला तिने स्वतःला 'चांगली' करून दाखवलं नाही. आणि तिला 'वाईट' ठरवणारे जे कागद होते, तेच उचलून तिने रंगमंचावर नेऊन ठेवले.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो यश चोप्रांच्या सिनेमातला हिरवागार डोंगर, नाहीतर बँका आणि चॉकलेट. या सुखी देशात बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१ला! म्हणजे आपण पाचव्या लोकसभेची निवडणूक करत होतो तेव्हा. त्यातही आपेंझेल इनररोडन या चिमुकल्या प्रांतातल्या पुरुषांनी १९९० सालच्या एप्रिलमध्ये भर सभेत हात वर करून बायकांना प्रांतिक मताधिकार द्यायचं नाकारलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला तो द्यायला लावावा लागला. नवरा हाच कुटुंबाचा प्रमुख, असं सांगणारा विवाहकायदा गेला १९८८मध्ये. हे एवढ्यासाठी सांगते की १९६६ साली एका अठरा वर्षांच्या कुमारी मातेला तुरुंगात टाकलं गेलं, तेव्हा त्या देशाच्या संसदेवर निवडून गेलेली एकही बाई नव्हती, आणि त्या संसदेला मत देणारीही नव्हती.

ती अठरा वर्षांची आई म्हणजे मारिएला.

तिचा जन्म २७ डिसेंबर १९४७चा. जात म्हणू नये, पण आपल्या वाचकांना पटकन कळावं म्हणून म्हणते, ती भटक्यांपैकी. येनिश हा युरोपातला एक फिरस्ता समाज. टोपल्या विणणं, भांडी दुरुस्त करणं, कात्र्या-सुऱ्यांना धार लावणं, जुनंपानं विकत घेऊन विकणं, असे त्यांचे व्यवसाय. त्यांची स्वतःची बोली आहे, जर्मनच्या सांगाड्यावर रोमानी आणि यिडिश शब्द घेऊन उभी राहिलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेफ यॉर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने ग्राउब्युंडन प्रांतातल्या अशा एका घराण्याची वंशावळ मांडली. १९०५ साली ती 'झीरो घराणं' या टोपणनावाने छापून आली. भटकेपणा, दारू, अनैतिकता, गुन्हेगारी हे सारं रक्तातून उतरतं, असा त्याचा एकूण सूर. हा गृहस्थ कूर शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख होता, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला विज्ञानाचा शिक्का मिळाला.

मग आलं मदतकार्य. 'प्रो युव्हेंटुटे' ही मुलांसाठी काम करणारी, १९१२ साली निघालेली फार प्रतिष्ठित संस्था. तिची टपाल तिकिटं डिसेंबरात घरोघर विकली जातात, शाळकरी मुलंच ती विकत हिंडतात. या संस्थेने १९२६ साली एक उपक्रम काढला. नाव ठेवलं 'रस्त्यावरच्या मुलांसाठी मदतकार्य'. मदत काय, तर येनिश आईबापांकडून मुलं काढून घ्यायची आणि ती अनाथाश्रमात, शेतकऱ्यांच्या घरी, सुधारगृहात, वेड्यांच्या इस्पितळात ठेवायची. भावंडांना एकमेकांपासून तोडायचं. आईबापांना पत्ता लागू द्यायचा नाही. भटकेपणा संपवायचा तर कुटुंबच फोडलं पाहिजे, हे या उपक्रमाचा प्रमुख आल्फ्रेड सीगफ्रीड उघडपणे लिहीत असे. हा सीगफ्रीड पूर्वी बाझलमध्ये शिक्षक होता आणि विद्यार्थ्याशी लैंगिक चाळे केल्याबद्दल त्याला १९२४ साली नोकरीतून काढलेलं होतं. त्यानंतर दोनच वर्षांनी शेकडो मुलांचं पालकत्व त्याच्या हाती आलं! १९३० ते १९६७ या काळात स्विस सरकारने या कामाला अनुदान दिलं. १९७३ साली हे सगळं बंद पडेपर्यंत ५८६ मुलं या एका उपक्रमाच्या ताब्यातून गेली होती. बंद पडलं तेही संस्थेला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. हान्स काप्रेझ या पत्रकाराने १९७२ साली 'बेओबाख्टर' नियतकालिकात हे प्रकरण बाहेर काढलं, आणि ज्या आया वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होत्या त्यांचं पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

वाचताना सोलापूरची सेटलमेंट आठवल्यावाचून राहत नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे हाच 'रक्तातला दोष' होता. पुढे त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत घालायची तरतूदही आली. इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला, स्वित्झर्लंडमधलं मदतकार्य त्यानंतरही एकवीस वर्षं चालू राहिलं, एवढाच फरक नोंदवून पुढे जाते.

मारिएलाची आईसुद्धा याच मदतकार्याची 'लाभार्थी' होती. मारिएला तान्ही असतानाच आईपासून तोडली गेली. पुढे सोळा बालगृहं आणि तीन सुधारगृहं. मारहाण, लैंगिक अत्याचार, मनोविकारांच्या इस्पितळात विजेचे शॉक. अठराव्या वर्षी तिला मुलगा झाला. लग्न झालेलं नव्हतं. गुन्हा कुठलाही नाही, खटला नाही, वकील नाही, तरी तिला बर्नजवळच्या हिंडेलबांकच्या महिला तुरुंगात एकोणीस महिने ठेवलं. याला म्हणत 'प्रशासकीय ताबा'. 'कामचुकार', 'बदफैली', 'वळण नसलेली' असे शब्द निरनिराळ्या प्रांतांच्या कायद्यांतच लिहिलेले होते आणि एखादीला तुरुंगात पाठवायला तेवढे पुरत. तिचा मुलगा तिच्याकडून काढून घेतला गेला. तिची नसबंदी करण्यात आली. आई, मुलगी आणि नातू, तीन पिढ्या एकाच कचेरीच्या कपाटात.

ही पद्धत १९८१ साली कायद्यातून गेली. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाने २०१९ साली आपलं काम संपवताना सांगितलं की, विसाव्या शतकात किमान ६०,००० माणसं अशी खटल्याविना डांबली गेली. त्यात येनिश थोडे, बाकीचे साधे गरीब स्विस लोक. बायकांच्या बाबतीत बहुतेकदा कारण एकच, तिचं चारित्र्य. पुरुषाला दारूवरून आणि कामावरून धरत, बाईला तिच्या अंगाखालच्या अंथरुणावरून.

१९७५च्या सुमाराला मारिएला पत्रकार म्हणून लिहू लागली. त्याच वर्षी येनिश लोकांनी स्वतःची संघटना उभारली, तिच्या उभारणीत ती होती, काही वर्षं तिचं सचिवपदही तिने सांभाळलं. १९८१ साली 'अश्मयुग' ही पहिली कादंबरी आली. तीत तिने स्वतःचं बालपण लिहिलं आहे. पण मला इथे सविस्तर बोलायचं आहे ते १९८६ साली बर्नमध्ये रंगमंचावर आलेल्या तिच्या नाटकाबद्दल.

त्या नाटकाचं नाव बघा. 'फाईल एम. क्सेनोस, अनौ., ज. १९४७. फाईल सी. क्सेनोस, अनौ., ज. १९६६'. 'क्सेनोस' हा ग्रीक शब्द, अर्थ परका. 'अनौ.' म्हणजे अनौरस. कचेरीत अनौरस हा शब्ददेखील पुरा लिहायचे कष्ट घेत नसत, दोन-तीन अक्षरं आणि टिंब. १९४७ हे तिचं जन्मसाल, १९६६ तिच्या मुलाचं. म्हणजे नाटकाचं नाव हेच फाईलीचं पुठ्ठ्यावरचं लेबल आहे! नाटककाराने आपल्या हातचं त्यात काय घातलं, तर 'परका' हे आडनाव. पुढच्या वर्षी हे नाटक पुस्तकरूपात निघालं तेव्हा त्याच्या नावातच 'एक मदतकार्य, एक नाटक आणि त्याचे परिणाम' असे शब्द होते.

कुणी म्हणेल, आत्मचरित्र लिहायचं होतं, नाटक कशाला? मला वाटतं नाटकच हवं होतं. फाईल ही मुकाट्याने वाचायची गोष्ट असते. एक अधिकारी ती लिहितो, दुसरा वाचतो, तिसरा सही करतो. जिच्याबद्दल ती आहे तिच्या कानावर त्यातला एक शब्दही पडत नाही. आणि मजा अशी की फाईलीत कुणीच 'मी' नसतं. 'असे आढळून आले', 'असे मत पडले', 'रवानगी करण्यात आली'. कुणाला आढळलं, कुणाचं मत पडलं? नाटकात हे चालत नाही. तिथे प्रत्येक वाक्य एका जिवंत माणसाला आपल्या तोंडाने, तीनशे लोकांसमोर मोठ्याने म्हणावं लागतं. 'रवानगी करण्यात आली' म्हणणारा चेहरा दिसतो. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३पासून गावोगाव बघितलेल्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. घरात हजारदा ऐकलेलं वाक्य मंचावरून आलं की त्याचा घाट कसा उघडा पडतो, ते आपण पाहिलेलं आहे.

त्याच सुमाराला तिने 'सिल्व्हिया झेड' हे दुसरं नाटक लिहिलं, त्याला ती मृतात्म्यासाठीची प्रार्थना म्हणते. १९८० साली झुरिचमधली तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती, त्या धामधुमीत एका तरुणीने भर चौकात स्वतःला पेटवून घेतलं. नाटक तिच्यावर आहे. जळून मेलेल्या बाईबद्दल आपल्याकडे दोनच कागद होतात, स्टोव्हचा भडका नाहीतर नैराश्य. तिकडेही फार वेगळं नसावं. मारिएलाला त्या मुलीचं वेड किंवा शहाणपण सिद्ध करायचं नव्हतं, तिला तिचा शोक जाहीरपणे करायचा होता.

आता अवघड भागाकडे येते. १९९५ ते २००२ या काळात मारिएलाने तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीचं नाव 'दासकिंड'. जर्मनमध्ये 'दास किंड' म्हणजे 'ते मूल'. तिने दोन शब्द जोडून टाकले, 'तेमूल' असं काहीतरी म्हणा. गावात आणून ठेवलेल्या त्या मुलीला नावच नाही, सगळं गाव तिला तेवढंच म्हणतं. मराठीतलं 'ते' इथे अगदी चपखल बसतं, कारण मूल जर्मनमध्येही नपुंसकलिंगी. गाव त्या मुलीला कुस्करतं. ती बोलत नाही. आणि एक दिवस ती उलटून वार करते. तिसऱ्या कादंबरीचं नाव 'आरोपी'. तीत एक आगलावी, खुनी बाई बोलते आहे, नुसती बोलत सुटली आहे, आणि तिला केल्याचा पस्तावा नाही.

आमच्या वाचनगटात मी यातले तुकडे मराठीत सांगितले तेव्हा दोघीतिघी अस्वस्थ झाल्या. एकीने स्पष्टच विचारलं, "अशी बाई दाखवून आपल्या चळवळीचा काय फायदा?" प्रश्न खोटा नाही. आपण कोर्टात उभ्या राहतो तेव्हा समोरचा वकील बाईचं चारित्र्य काढतो. म्हणून आपणही नकळत तिला धुवून पुसून उभी करतो. ती नवऱ्याला उलट बोलली नाही, तिने पोरांना टाकलं नाही, तिने कधी हात उचलला नाही. पण याचा अर्थ असा होतो की जी उलट बोलली, जिने पोर टाकलं, जिने हात उचलला, तिला न्याय मागायचा हक्क थोडा कमी आहे! मग आपल्यात आणि हिंडेलबांकला पाठवणाऱ्या साहेबात नेमकं काय वेगळं राहिलं? मारिएलाचं म्हणणं मला असं दिसतं की हिंसेतून माणूस पवित्र होऊन बाहेर पडत नाही. पुष्कळदा मोडून, कडवट होऊन आणि दुसऱ्याला मोडायला तयार होऊन बाहेर पडतो. अत्याचाराचा खरा हिशोब करायचा तर ही नासाडीसुद्धा त्यात धरली पाहिजे. सोशिकपणा हा बाईचा दागिना मानणाऱ्या समाजात हे सांगणं सोपं नव्हे, तिकडेही नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. त्या मदतकार्याचा शेवटचा कारभार एका बाईच्या हाती होता, क्लारा रॉयस्ट हिच्या. मुलांना सांभाळणाऱ्या जोगिणी, परिचारिका, गृहमाता, तपासनीस यांत बायका भरपूर. बाई आहे म्हणून फाईल मऊ झाली नाही. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या, परोपकारी बायकांना गरीब बाईचं घर अस्वच्छ वाटतं, तिचं प्रेम बेशिस्त वाटतं, तिचं मूल आपल्याकडे जास्त सुखी राहील असं मनापासून वाटतं. या 'मनापासून वाटण्या'चीच मला जास्त भीती वाटते, दुष्ट माणूस निदान ओळखू तरी येतो.

काही मैत्रिणी म्हणतील की हे सगळं टोकाचं झालं. मूल खरोखरच धोक्यात असेल तर? बाप रोज मारत असेल, आईला शुद्ध नसेल, तर मूल हलवायलाच हवं. मान्य आहे. मीही असे अर्ज लिहिले आहेत आणि पुढेही लिहीन. नोंदी ठेवल्याच पाहिजेत, त्याशिवाय आपल्या बायकांना कोर्टात काही मिळत नाही. पण धोका आणि राहणी यांत फरक करता आला पाहिजे. ती मुलं काढून घेतली गेली ती उपाशी किंवा मार खाल्लेली होती म्हणून नव्हे, तर त्यांचं कुटुंब फिरस्तं होतं, येनिश होतं म्हणून. राहणीलाच धोका ठरवलं की मग पुरावा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचे कागद आमच्याकडे आले होते. पालावर राहणाऱ्या कुटुंबातली मुलगी, वय तेरा. ज्या बालगृहातून ती आली तिथल्या नोंदीत 'पळून जाण्याची सवय आहे' हे वाक्य सहा वेळा होतं, सहा वेगळ्या तारखांना. तिला विचारलं, पळून कुठे जायचीस? ती म्हणाली, "भावाकडं." सात वर्षांचा भाऊ दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेत ठेवलेला होता. सहाही वेळा ती त्याच दिशेच्या एस.टी.त सापडली होती. हे कागदावर कुठेही नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. 'सवय' हा शब्द लिहिला की विचारायचं काम संपतं. मारिएलाच्या नाटकाचं नाव पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला या मुलीचे कागद आठवले.

माफीचंही सांगते, कारण माफीच्या बाबतीत स्विस लोक आपल्यापेक्षा नक्कीच पुढे आहेत. ३ जून १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष आल्फोन्स एग्ली यांनी सरकारी अनुदानाबद्दल येनिश लोकांची माफी मागितली. म्हणजे ज्या वर्षी नाटक झालं त्याच वर्षी. पुढे भरपाई म्हणून एकूण १ कोटी १० लाख फ्रँक वाटले गेले, एका माणसाला जास्तीत जास्त २०,०००. आपली फाईल वाचायला मिळावी म्हणून या लोकांना वेगळं भांडावं लागलं, कारण त्या फाईली बर्नच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बंद करून ठेवल्या होत्या. २०१० साली हिंडेलबांकमध्येच एका मंत्रीणबाईंनी खटल्याविना डांबलेल्यांची माफी मागितली. २०१३ साली सिमोनेटा सोमारुगा यांनी सक्तीच्या सगळ्याच 'कल्याणकारी' उपायांच्या बळींची माफी मागितली. २०१७पासून हयात बळींना अर्ज केल्यावर प्रत्येकी २५,००० फ्रँक मिळू लागले. आणि २० फेब्रुवारी २०२५ रोजी स्विस सरकारने मान्य केलं की, येनिश आणि सिंती लोकांचा हा छळ आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो. तेव्हा मारिएलाला जाऊन अडीच वर्षं होत आली होती.

पैशाची रक्कम बघून हसावं की रडावं कळत नाही. पण मला त्यापेक्षा खटकतं ते असं की प्रत्येक माफी मिळवायला बळींनाच पुन्हा पुन्हा आपली कहाणी सांगावी लागली. मारिएलाला या सांगण्याची किंमत मोजावी लागली. धमक्या आणि हल्ले झाले. नव्वदच्या दशकात ती देश सोडून इटलीत, टस्कनीत जाऊन राहिली, आणि जवळजवळ दोन दशकं तिथेच होती. तिकडे असतानाच १९९८मध्ये बाझल विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या बाझलमध्ये सीगफ्रीडची मास्तरकी गेली, तेच हे शहर.

तिथून तिने लिहिलेल्या कवितांचा एक संग्रह 'हद्दपारीतून आलेल्या बातम्या' याच साली निघाला. त्यात जर्मनच्या जोडीला रोमानी भाषांतर आहे. येनिश आणि रोमा हे समाज वेगळे, पण मारिएलाने रोमांशी आपलं नातं जोडलं होतं. रोमानी ही आपल्याकडून गेलेली भाषा. तीत माणसाला 'मनुष', पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख' म्हणतात. मैत्रीण जर्मन बाजू समजावत होती आणि मी मधूनच पलीकडच्या पानावरचे शब्द ओळखत होते, तेव्हा आम्ही दोघीही थोड्या चमकलो. सगळी कविता काही कळत नाही, पण 'पानी' कळतं.

२०१७ साली, तिच्या सत्तरीच्या निमित्ताने, तिच्या गोष्टी, कविता, भाषणं आणि वार्तापत्रांचा एक निवडक संग्रह निघाला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो 'उलट उत्तरं'. आपल्याकडे पोरीला पहिली शिकवण देतात ती हीच, उलट उत्तर देऊ नकोस!

माझ्या दोन सूचना आहेत. एक, आपल्या गटांमध्ये जर्मन येणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांनी हे फाईलींचं नाटक मूळ पुस्तकावरून, रीतसर परवानगी घेऊन, मराठीत आणावं. प्रयोग जमला नाही तर नुसतं अभिवाचन करता येईल, त्याला नेपथ्य लागत नाही, टेबल आणि फाईल पुरते. दुसरी सूचना सल्ला केंद्र चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी. केस पेपर लिहून झाला की तो त्या बाईला वाचून दाखवायचा, तिने 'हे असं नव्हतं' म्हटलं तर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत शेजारी लिहायचं, आणि लिहिणारीने खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं. वेळ जातो, अर्धा तास तरी जास्त लागतो. आमच्या केंद्रात दर बुधवारी असं करून बघतो आहोत. ज्यांच्याकडे याहून बरी पद्धत असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं.